पांढऱ्या पेशींचा स्कॅन: रक्त काढल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या चित्रापर्यंत

आमच्याकडे ठाण्यात पांढऱ्या पेशींच्या स्कॅनची चौकशी आली, की तारीख शक्यतो मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारचीच देतो. नातेवाइकांना ही अडवणूक वाटते. सुट्टी शनिवारी असते, मग शनिवारी का नाही, असं विचारतात. शनिवारी रक्त काढलं तर खरं उत्तर देणारं चित्र रविवारी काढावं लागेल, आणि रविवारी विभाग बंद. सोमवारची अडचण वेगळी आहे, ती जनरेटरची. तिच्याकडे पुढे येऊ.

स्कॅन असा असतो: पेशंटचंच रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांच्यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य भरायचं आणि पेशी परत शिरेत सोडायच्या. जंतुसंसर्ग जिथे आहे तिथे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आपल्या पायांनी जातात. त्या कुठे गोळा झाल्या ते गॅमा कॅमेऱ्याने बघायचं. मॅकॅफी आणि ठाकूर यांनी १९७६ साली इंडियम-१११ ऑक्झिनने पेशींवर अशी खूण करण्याचं काम मांडलं. १९८६ च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधून टेक्नेशियम-एचएमपीएओची पद्धत आली; एचएमपीएओ हे टेक्नेशियमला पेशीच्या आत नेणारं रसायन. इंडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, २.८ दिवसांचं, त्यामुळे उशिराची चित्रं त्यात चांगली येतात. पण टेक्नेशियम रोज सकाळी विभागातच हाताशी असतं, त्याचं १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं किरण कॅमेऱ्याला मानवतं आणि पेशंटला किरणांचा डोसही कमी बसतो. त्यामुळे आमचं सगळं काम टेक्नेशियमवर.

कुणाचा करायचा, हे आधी ठरलेलं बरं. आमच्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त असतात ते गुडघा किंवा खुबा बदललेले पेशंट. ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं झाली, दुखणं थांबत नाही, सीआरपी (सूज दाखवणारी रक्तचाचणी) थोडा वाढलेला, एक्स-रेत सांध्याभोवती बारीक काळी रेघ. सर्जनचा प्रश्न एकच: इम्प्लांट नुसता सैल झालाय, की आत संसर्ग आहे? दोन्हींची ऑपरेशनं वेगळी, खर्च वेगळा, आणि चुकीचं निवडलं तर पेशंटचा पाय पुन्हा उघडावा लागतो. दुसरा मोठा गट मधुमेही पायाचा. जखमेखालचं हाड कुजतंय का, हा तिथला प्रश्न. त्यानंतर रक्तवाहिनीतला कृत्रिम ग्राफ्ट, आणि प्लेट-रॉड घातलेलं, न जुळलेलं फ्रॅक्चर.

कण्यासाठी मात्र हा स्कॅन आम्ही सरळ नाकारतो. मणक्याच्या संसर्गात पांढऱ्या पेशी पुष्कळदा पोचतच नाहीत. तिथे उजेड दिसायच्या ऐवजी उलट फिका डाग दिसतो, आणि तसाच डाग जुन्या फ्रॅक्चरला किंवा गाठीलाही दिसतो. आपल्याकडे पाठदुखी आणि ताप म्हटलं की टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. टीबी हा दीर्घकाळ चालणारा, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींचा आजार, न्यूट्रोफिलचा नव्हे. अशा वेळी एमआरआय, नाहीतर एफडीजी पेट स्कॅन, ज्याच्याबद्दल पुढे येईलच.

मोजणीत पांढऱ्या पेशी २००० च्या खाली असतील तरी काम होत नाही, कारण खूण करायला पुरेशा पेशीच मिळत नाहीत. म्हणून रक्ताचा रिपोर्ट ताजा मागतो, महिन्यापूर्वीचा चालत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर ते लिहून घेतो. ते स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, हे फोनवरच सांगतो. बंद करायचं की नाही हे सर्जनने ठरवायचं, आणि ते बहुतेक वेळा स्कॅनपेक्षा सांध्यातलं पाणी कल्चरला पाठवायचं म्हणून ठरतं.

आता जनरेटर. टेक्नेशियमचे जनरेटर आणि कोल्ड किट (टेक्नेशियम मिसळायच्या, स्वतः किरणोत्सारी नसलेल्या औषधाच्या कुप्या) पुरवणारी सरकारी संस्था ब्रिट, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, वाशीला सेक्टर २० मध्येच आहे. ठाणे-बेलापूर रोडने तासाभराचं अंतर, हा आपल्या भागाचा मोठाच फायदा. जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-९९ असतं, अर्धायुष्य ६६ तास. ते विरत विरत टेक्नेशियम-९९एम होतं, ज्याचं अर्धायुष्य ६ तास. सकाळी सलाइन सोडून टेक्नेशियम बाहेर काढायचं.

शनिवारी काढून सोमवारपर्यंत जनरेटर पडून राहिला, तर मधल्या वेळात बरंचसं ९९एम विरून साधं टेक्नेशियम-९९ झालेलं असतं. ते कॅमेऱ्याला दिसत नाही, पण रसायनाच्या दृष्टीने दोघं सारखेच. टेक्नेशियम एचएमपीएओशी जोडायला कथील लागतं, आणि एचएमपीएओच्या कुपीत ते अगदी नावाला असतं: मूळ किटमध्ये अर्धा मिलिग्रॅम एक्झामेटाझिमला (हे एचएमपीएओचंच दुसरं नाव) फक्त ७.६ मायक्रोग्रॅम स्टॅनस क्लोराइड. हे थोडंसं कथील म्हातारं टेक्नेशियम आधी खाऊन टाकतं, आणि कामाच्या टेक्नेशियमला काही उरत नाही. म्हणून नियम असा की जनरेटर गेल्या २४ तासांत एकदा काढलेला हवा, आणि काढलेलं द्रावण २ तासांपेक्षा जुनं नको. सोमवारी पहिलं इल्यूशन, म्हणजे जनरेटरमधून पहिल्यांदा काढलेलं टेक्नेशियम, हाडांच्या स्कॅनसाठी वापरतो. त्या स्कॅनच्या एमडीपी या औषधाच्या किटमध्ये कथील भरपूर असतं, त्याला फरक पडत नाही. चार तासांनी परत काढलं तर नेहमीच्या एक तृतीयांशाइतकं टेक्नेशियम मिळतं. तेवढ्यात एखाद्या पेशंटचं भागतं, पण सगळा दिवस पुढे सरकतो. त्यापेक्षा मंगळवार बरा.

रक्त सकाळी साडेनऊच्या सुमारास काढतो. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये आधी ९ मिली एसीडी हे रक्त गोठू न देणारं द्रावण घ्यायचं, मग ५१ मिली रक्त. हेपॅरिनने पेशी भिंतींना आणि एकमेकींना चिकटतात, म्हणून एसीडीच. सुई १९ किंवा २० गेजची, बटरफ्लाय. त्याहून बारीक सुईतून जोरात ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याची फळं पुढच्या प्रत्येक पायरीला दिसतात. हाताच्या शिरा खराब असलेल्या मधुमेही आजींकडून ५१ मिली एका दमात मिळेलच असं नाही. ४० मिळालं तरी चालतं, मात्र एसीडी त्याच प्रमाणात कमी घ्यायचं.

यातलं १०-१५ मिली वेगळ्या ट्यूबमध्ये घालून २००० जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट जोराने, १० मिनिटं फिरवायचं. वर येतो तो पेशी नसलेला प्लाझ्मा. तो जपून ठेवायचा, कारण पुढे पेशी धुवायला आणि शेवटी विरवायला तोच लागतो. राहिलेल्या ४५ मिलीत पाचास एक या हिशेबाने ६ टक्क्यांचं हेटास्टार्च, म्हणजे साधारण ९ मिली. हळू उलटं-सुलटं करून मिसळायचं आणि सिरिंज तोंड वर करून, किंचित तिरकी, स्टँडला लावून ठेवायची.

इथे हात लावायचा नाही. हेटास्टार्चमुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात आणि जड होऊन खाली जातात. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग वरच्या टोकाला पिवळसर पट्टी दिसायला लागते आणि तिची खालची सीमा सरकत राहते. ३० ते ४५ मिनिटांत साधारण अर्धी सिरिंज गढूळ पिवळी होते. त्या गढूळपणात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स. ज्याचा ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) वाढलेला त्याचं रक्त लवकर बसतं, कधी वीस मिनिटांतच. ईएसआर कमी असेल तर तासभर थांबावं लागतं. तासाच्या पुढे आम्ही ताणत नाही, कारण पांढऱ्या पेशीही खाली बसायला लागतात. सिरिंजच्या तोंडाला बटरफ्लायची नळी जोडून पिवळा थर अलगद ढकलत ट्यूबमध्ये घ्यायचा. सीमेजवळ आलं की थांबायचं. शेवटच्या दोन मिलीचा मोह पडतो, आणि नेमक्या त्यातच तांबड्या पेशी येतात.

पुढची पायरी १५० जी, ५ मिनिटं. हा आकडा कागदावर सगळ्यांकडे असतो, तरी इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण ट्यूबा फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या डबड्यावर आकडे आरपीएमचे, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचे, असतात. रोटरची त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर १५० जी म्हणजे सुमारे ९५० आरपीएम. त्रिज्या १० असेल तर सुमारे ११६०. कुणीतरी सवयीने १५०० लावतो, आणि १५ सेंटीमीटरच्या रोटरवर ते ३७५ जीच्या वर जातं. मग प्लेटलेट्सही तळाला येऊन बसतात, त्या स्वतःच खूण पिऊन घेतात, आणि पांढऱ्या पेशींचा गोळा इतका घट्ट होतो की हलवून सुटत नाही. आमच्या मशिनवर झाकणालाच आरपीएमची चिठ्ठी चिकटवलेली आहे. नवीन मशीन घेतलं तर त्रिज्या मोजून चिठ्ठी बदलायची. ब्रेक बंद ठेवायचा.

तळाला येतो तो गोळा फिकट पांढरा, कडेने किंचित गुलाबी. किंचित चालतो. चांगला लाल असेल तर पुन्हा धुवावा लागतो, कारण एचएमपीएओ तांबड्या पेशींतही तितकंच शिरतं.

वरचं द्रावण ओतून टाकून गोळा मिलीभर द्रावणात हलका करायचा, आणि तेव्हाच एचएमपीएओची कुपी तयार करायची. आधी नाही. कुपीत टेक्नेशियम घातल्यावर जे संयुग बनतं ते स्निग्धप्रेमी असतं. पेशीच्या पडद्यातून आरपार जातं, आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि ते बाहेर येऊ शकत नाही. पण कुपीत नुसतं पडून राहिलं तरी हेच रूपांतर होतं, आणि मग ते पेशीत शिरतच नाही. स्थिर करणारं रसायन न घातलेली कुपी अर्ध्या तासात वापरायची. २० ते २५ मिलीक्युरी (किरणोत्साराचं माप), एका मिलीत, पेशींवर. खोलीच्या तापमानाला १० मिनिटं, मधूनमधून ट्यूब गोल फिरवायची. जोरात हलवायची नाही, आणि पिपेटने वर-खाली करायचं नाही. मग प्लाझ्मा घालून पुन्हा १५० जी, ५ मिनिटं.

आता हिशेब. तळाचा गोळा आणि वरचं पाणी, दोन्ही डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, वेगवेगळं मोजायचं. गोळ्यात १३ मिलीक्युरी आणि पाण्यात ७ असेल तर पेशींनी ६५ टक्के घेतलं. ४० ते ८० या दरम्यान कुठेही आलं तर ठीक. ४० च्या खाली गेलं तर कारण शोधायचं. बहुतेक वेळा कुपी शिळी किंवा जनरेटरमधून काढलेलं द्रावण जुनं असतं, किंवा पेशीच कमी मिळालेल्या असतात. वरचं पाणी गुलाबी दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्यात. ट्यूबमध्ये डोळ्यांना गुठळ्या दिसल्या आणि हलक्या हाताने सुटल्या नाहीत, तर ते इंजेक्शन द्यायचंच नाही. पेशंटला नाराज करून परत पाठवलेलं परवडतं. गुठळ्या फुप्फुसात जाऊन अडकतात आणि नंतर तिथे न्यूमोनियासारखे ठिपके दाखवतात.

या सगळ्या कामात लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोताच्या, खाली एका वेळी एकाच पेशंटचं रक्त. दोन पेशंट असले तर पहिल्याचं इंजेक्शन झाल्याशिवाय दुसऱ्याचं रक्त काढत नाही. प्रत्येक ट्यूबवर, सिरिंजवर आणि झाकणावर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. नुसतं 'पाटील' लिहिलेली ट्यूब ठाणे जिल्ह्यात कुणाची आहे ते सांगता यायचं नाही. इंजेक्शनच्या वेळी दोघांनी मिळून वाचायचं आणि पेशंटकडून नाव वदवून घ्यायचं, “तुमचं नाव पाटील ना?” असं विचारायचं नाही. एकाचं रक्त दुसऱ्याला जाणं, ही या तपासणीतली सर्वांत मोठी दुर्घटना. बाकी काहीही बिघडलं तर फार तर स्कॅन वाया जातो.

पेशी ३ ते ५ मिली प्लाझ्मात विरवून साधारण १० मिलीक्युरी हळू सोडायच्या, तयार झाल्यापासून तासाभरात. ग्लुकोजच्या सलाइनची लाइन चालू असेल तर तिच्यातून मुळीच नाही, डेक्स्ट्रोजने पेशी गठ्ठा होतात. पेशंटला किरणांचा डोस बसतो तो साधारण ४ मिलीसिव्हर्ट.

आमचं इंजेक्शन दुपारी १ च्या आसपास होतं. हे गणित मुद्दाम बसवलेलं आहे. दुपारी १ ला दिलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला बरोबर २० तास होतात.

पहिलं चित्र पाऊण-एक तासाने, छाती आणि पोटाचं. ते आजारासाठी नसतं, आमच्या कामाची परीक्षा म्हणून असतं. इंजेक्शननंतर पेशी थोडा वेळ फुप्फुसात रेंगाळतात, तासाभरात तिथून निघतात आणि प्लीहा, यकृत, हाडातल्या मज्जेत जातात. तासानंतरही दोन्ही फुप्फुसं उजळलेली दिसली तर पेशींना इजा झाली आहे. प्लीहा यकृतापेक्षा उजळ हवी. उलट दिसलं तरी तोच संशय. पोटातला प्रश्न असेल, समजा आतड्याची सूज किंवा गळू, तर हे आणि दोन-अडीच तासांचं चित्र हीच खरी. त्यानंतर टेक्नेशियम पित्तातून आतड्यात उतरायला लागतं आणि निरोगी आतडंही उजळतं.

दुसरं चित्र संध्याकाळी ५ च्या सुमारास, ४ तासांनी, दुखऱ्या भागाचं. ३ मिनिटं. तिसरं दुसऱ्या दिवशी ९ ला, त्याच जागेचं, त्याच स्थितीत, पण १९ मिनिटं. मधल्या १६ तासांत टेक्नेशियम साडेसहापटींच्या जवळ घटलेलं असतं, नेमकं म्हणजे ६.३ पट. वेळ तितक्याच पटीने वाढवली की दोन चित्रं एकाच मापावर येतात. सकाळी ९ ऐवजी पेशंट दुपारी १ ला आला, तर २४ तास झाले, आणि तेच चित्र अर्ध्या तासाचं होतं. दुखरा गुडघा अर्धा तास न हलवता ठेवून दाखवा! म्हणून नऊचा आग्रह. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, गुडघ्याखाली उशी नाही, घरून निघताना नेहमीची दुखण्याची गोळी.

ही वेळेची बरोबरी कशासाठी? मज्जेतही पांढऱ्या पेशी असतात, आणि इम्प्लांटची दांडी ठोकताना मज्जा इकडे-तिकडे सरकते. साध्या सुजेतही थोड्या पेशी जातात. त्यामुळे ४ तासांच्या चित्रात कुठल्याही बदललेल्या गुडघ्याभोवती काहीतरी दिसतंच, आणि त्या एका चित्रावर कुणी ‘संसर्ग आहे’ म्हणाला तर ते अंदाजपंचे झालं. संसर्ग असेल तर पेशी रात्रभर येतच राहतात: २० तासांचा उजेड ४ तासांपेक्षा जास्त, किंवा पसरलेला. मज्जा जशीच्या तशी राहते किंवा थोडी उतरते. निर्जंतुक सूज उतरते. उत्तर या फरकात असतं, कुठल्याही एका फोटोत नाही.

म्हणूनच संगणकावर चित्रं लावताना प्रत्येक चित्राला स्वतःची उजेड-मर्यादा देऊ द्यायची नाही. मशीन आपोआप प्रत्येक चित्र त्यातल्या सर्वांत उजळ ठिपक्याला धरून रंगवतं. खुब्याच्या चित्रात मूत्राशय आलं की बाकी सगळं मंद पडतं, दुसऱ्या दिवशी ते रिकामं असलं की तोच खुबा भडक दिसतो, आणि संसर्ग ‘वाढलेला’ वाटतो. दोन्ही चित्रं एकाच पट्टीवर ठेवा. खुब्याचा पेशंट टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठवा, आणि कपड्यावर थेंब नाहीत ना ते बघा. मांडीवर अचानक उगवलेला डाग कपडे बदलल्यावर नाहीसा झाला, असं होतं.

स्पेक्ट-सीटी, म्हणजे गॅमा कॅमेऱ्याचं त्रिमितीय चित्र आणि सीटी एकत्र, आम्ही बहुतेकांचा काढतो. सपाट चित्र इतकंच सांगतं की गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी आहे. सीटीवर ठेवलं की कळतं, ते कातडीखालच्या मऊ भागात आहे की टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) दांडीच्या टोकाला. सर्जनसाठी हा फरक सगळा फरक. फक्त धातूच्या कडेला संगणकाची दुरुस्ती खोटा उजेड तयार करते, म्हणून दुरुस्ती न केलेली चित्रंही शेजारी उघडून बघायची.

तरीही मज्जेचा घोळ राहिला, तर सल्फर कोलॉइडचा स्कॅन. हाडांत ते फक्त मज्जेत जातं, संसर्गात जात नाही. जिथे पांढऱ्या पेशी आहेत आणि कोलॉइड नाही, तिथे संसर्ग. दोन्हीत टेक्नेशियमच असल्याने मध्ये किमान ४८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे पेशंटची अजून एक फेरी. मधुमेही शार्को पायात, म्हणजे नसा बधिर होऊन सांधे-हाडं मोडत गेलेल्या पायात, तर याला पर्याय नाही, कारण मोडत-जुळत राहिलेल्या मधल्या हाडांत मज्जा तयार झालेली असते आणि ती हुबेहूब संसर्गासारखी दिसते.

आता फेरीबद्दल. तंत्र कितीही चोख असलं तरी बदलापूर, टिटवाळा, उरणहून येणाऱ्या माणसासाठी खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी परत येण्याचा असतो. “काका, उद्या सकाळी नऊला परत यायचं, ते जमणार असेल तरच आज रक्त काढू,” हे सुई लावायच्या आधी विचारतो. पावसाळ्यात तर विचारतोच विचारतो. जुलैत रात्रीतून रुळांवर पाणी आलं की सकाळची लोकल गेली, आणि अर्धा स्कॅन हातात राहतो, ज्यावर काहीही ठामपणे लिहिता येत नाही. ठाण्यात, कळव्यात कुणाकडे मुक्काम करता आला तर उत्तम. त्या रात्री घरच्यांना घाबरायचं काही कारण नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि तान्ही बाळं, गरोदर बायका यांच्याजवळ फार वेळ बसायचं नाही, एवढं पुरे.

इतकी यातायात टाळायला दुसरं काही नाही का, हे सगळेच विचारतात. आहे. तीन टप्प्यांचा हाडांचा स्कॅन स्वस्त आणि एका दिवसाचा. तो पूर्ण स्वच्छ आला तर संसर्ग जवळपास बाद होतो. तो उजळला, तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण बदललेला गुडघा ऑपरेशननंतर बराच काळ नुसत्या हाडाच्या भरण्यानेही उजळत राहतो. दुसरा पर्याय युबिक्विसिडिन, हे तेरा अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड. त्याच्यावर धन भार, जंतूंच्या पडद्यावर ऋण, म्हणून ते जंतूंना चिकटतं. टेक्नेशियमशी जोडायचं, इंजेक्शन द्यायचं, अर्ध्या ते दोन तासांत चित्रं. रक्त हाताळायला नको, दुसरा दिवस नको. ज्यांच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत किंवा जे परत येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही ते निवडतो. गुडघ्याच्या अवघड प्रश्नाला अजूनही आमचा कल पांढऱ्या पेशींकडेच आहे.

एफडीजी पेटची जागा वेगळी. कारण न सापडणारा ताप, कणा, रक्तवाहिनीचा ग्राफ्ट, हृदयातली कृत्रिम झडप, इथे तो पुढे. एफडीजी ही किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. चिडलेल्या पेशी ती खातात, मग ती चीड संसर्गाची असो, कॅन्सरची असो की नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची. टीबीची गाठ आणि लिम्फोमाची गाठ यांत तो भेद करत नाही, बायोप्सीची सुई कुठे घालायची ते दाखवतो. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली आलं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे एफडीजीची गाडी घोडबंदर रोडवर ५५ मिनिटं अडकली की तीस टक्के माल रस्त्यातच संपला.

हृदयाच्या झडपेसाठी पेट असेल तर पथ्य फार कडक. हृदयाचा स्नायू एरवी साखर खातोच आणि सगळी झडप त्याच्या उजेडात बुडते. त्याला चरबीवर आणावं लागतं: आदल्या दिवशी दोन वेळा पिष्ट नसलेलं, चरबीचं जेवण, मग १२ तास किंवा जास्त उपाशी, पाणी चालेल. अंडी, पनीर, चिकन, तळलेला मासा पिठाशिवाय, पालेभाजी तूप घालून. भात, चपाती, भाकरी, पोहे, डाळ, फळ, दूध, साखरेचा चहा, खोकल्याचं औषध, पेपरमिंट, सगळं बंद. चतुर्थी किंवा एकादशी त्या दिवशी येत असेल तर खास बजावतो, कारण साबुदाणा, वरी आणि बटाटा हे सगळं पिष्टच आहे. मधुमेहींचं इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन यांचं वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आधी ठरवतो. सगळ्यांना सरसकट उपाशी ठेवता येत नाही.

वापरलेल्या सिरिंजा, ट्यूबा, हातमोजे शिशाच्या डब्यात तारीख टाकून. टेक्नेशियमची दहा अर्धायुष्यं म्हणजे ६० तास, त्यानंतर मोजून, मग जैववैद्यकीय कचऱ्यात.

रिपोर्टमध्ये आम्ही ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहीत नाही. इंजेक्शनची वेळ, पेशींनी किती टक्के खूण घेतली, दोन्ही चित्रं किती तासांनी काढली, उजेड वाढला की उतरला, हाडात की मऊ भागात, कोलॉइड झालं असेल तर जुळलं की नाही, आणि अँटिबायोटिक चालू होतं का, हे सगळं येतं. सीडीत दोन्ही दिवसांची मूळ चित्रं. आणि उजेड वाढलाय पण अगदी थोडा, अशी स्थिती असेल तर सर्जनला फोन. इम्प्लांटवर चिवट थर करून बसणारे मंद जंतू फार पेशी बोलावत नाहीत, त्यामुळे स्कॅन असा काठावर राहतो. अशा वेळी गुडघा उघडलाच तर वेगवेगळ्या जागचे निदान पाच तुकडे घ्या, आणि कल्चर नेहमीच्या मुदतीत न टाकता १४ दिवस ठेवायला लॅबला आधीच सांगून ठेवा.